मोकळा फळा

"सारजा गटातून बाहेर पडल्या," असं मोबाईलवर दिसलं आणि वैदेहीनं चहाचा कप तसाच खाली ठेवला.

कालचा घोळ तिनंच घातला होता. सारजानं विचारलं होतं, "वजाबाकीत शेजारच्या घरातून दहा उसने घेतो, ते माघारी कधी द्यायचे? पोरगी विचारती." आणि वैदेहीनं, काय अवदसा आठवली कोण जाणे, सगळ्यांसमोर लिहिलं, "आधी स्वतः चौथी पास व्हा, मग वर्गात पाय ठेवा."

दीडशे शिक्षक खदाखदा हसले. सारजानं फक्त "बरं ताई" लिहिलं.

टेलिग्रामवरचा 'मोकळा फळा' हा गट वैदेहीनंच काढला होता. तिथं शाळेचं नाव नाही, हुद्दा नाही. साहेबाचा धाक नको आणि न येणारं विचारायची लाज नको, एवढ्याचसाठी. तिलाही सगळे फळाताईच म्हणत. व्हिडिओत तिचा नुसता हात आणि खडू दिसे. ते व्हिडिओ कुणाचे हे फक्त साहेबांना ठाऊक होतं, आणि त्यांना ते इतके आवडले, की पाचोडच्या पुढच्या वस्तीशाळेत ती हजर होऊन सही करते न करते, तोच शहरातल्या प्रशिक्षण कार्यालयानं तिला मागून घेतलं. दोन वर्षं झाली. चिकलठाण्याच्या घरापासून स्कूटीवर पंधरा मिनिटं.

आणि अशा गटात आपण एका बाईचं हसं केलं? शी! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिनं सारजाचे जुने प्रश्न काढले. सगळे दुपारी दोननंतरचे. रफार कसा समजावू? रडणारं पोरगं वर्गात कसं रमवू? पगाराची, बदलीची, मीटिंगची एका शब्दानं कुरकुर नाही.

तिनं सरळ फोन लावला.

"सारजाताई, मी फळाताई. चुकलं माझं. माफ करा."

पलीकडं पातेलं आदळलं. "अगं बया! तुमी कशाला माफी मागायलाव? खरंच हाय की. म्या चौथी नापासच हाय."

"म्हणजे?"

"म्या शाळंत खिचडी शिजविते. सर एकलेच, त्यांच्याकडं बाकीचे वर्ग. दुसरीची पोरं नुसती भिताडाकडं बघत बसायची. मंग भांडी घासून झाली की म्याच बसते त्यांच्यात. तुमचे व्हिडू बघून बघून."

वैदेहीचं डोकंच फिरलं.

"आणि दुसरीच्या बाई कुठं आहेत?"

"शहरात. वरूनच मागून घेतल्यात त्यास्नी. येतील की माघारी."

"येतील कसल्या! पगार घ्यायचा आणि पोरं वाऱ्यावर सोडायची? लाज कशी वाटत नाही हो? नाव सांगा. आत्ता साहेबांकडं जाते."

"आमी नुसतं बाईच म्हणतो. बोर्डावर हाय लिवलेलं. थांबा, मेघा वाचून दाखवंल. उसन्याचं तीच विचारत हुती. ए मेघे, ताईंना बाईंचं नाव वाच. नीट, चिन्हं सांगून."

चिमुकला आवाज फोनच्या अगदी जवळ आला.

"व ला दोन मात्रा, वै. द ला एक मात्रा, दे. ह ला दुसरी वेलांटी, ही."