फ्रेमच्या मापाचा फोटो

उद्या संग्रहालयाचं उद्घाटन. महामंदीत ज्या भुकेल्या पोरांना सरकारनं जंगल लावायला इथल्या छावणीत आणलं, त्यांतले टॅकेट आजोबा तेवढे उरले होते. त्यांनी साठ वर्षं पेटीत जपलेला छावणीचा लांबलचक फोटो संग्रहालय सांभाळणाऱ्या व्हर्नानं भिंतीवर लावला होता. एकेका चेहऱ्यावरून बोट फिरवत ते मधोमध अडखळले. “पोरी, इथली एमरीची जागा कुठाय?” “रिकामीच होती की ती! फोटो फ्रेममध्ये मावेना, म्हणून तेवढी कापून तुकडे जोडले. माणूस एकही कापला नाही हो.” “फोटोच्या आदल्या दिवशी वणव्यात गेला एमरी. फोटोवाला ‘सरका, सरका’ ओरडून दमला. छावणीच्या कॅप्टननं जेवण बंद करायची धमकी दिली. पण एक पोरगा हलेल तर शपथ!” व्हर्नानं कचऱ्याच्या डब्याकडे पाहिलं. तो सकाळीच रिकामा झाला होता. आजोबांनी जोडावर अंगठा ठेवला. “तू मात्र सरकवलंस आम्हाला.”