अंगठा

स्विच बिघडलेला निघाला, तर म्हाताऱ्याच्या पदरी एवढंच पडणार होतं, की पावसात गाडी ठोकून मेलेला त्याचा मुलगा बेफिकीर नव्हता. इलेक्ट्रिशियनचं मात्र दुकान बसलं असतं. आठवड्यापूर्वी हा वायपरचा स्विच त्यानंच तपासून दिला होता. मीटर लावल्यावर स्विचची दांडी हलवून बघायची असते, आतला जोड सैल असला तर मीटरचा आवाज तुटतो. तेवढ्याचा कंटाळा त्यानं केला होता.

आज त्यानं दांडी अंगठ्यानं घट्ट दाबून धरली. मीटर सलग वाजत राहिला.

"ठणठणीत आहे, काका."

"म्हणजे आमच्याच दिवट्यानं वायपर लावला नाही. सूनबाईला सांगतो, उगाच तुम्हाला बोल लावू नकोस म्हणून. माफ करा हं."

म्हातारा हात जोडून गेला. इलेक्ट्रिशियननं अंगठा उचलला, दांडी जराशी हलवली. मीटर गप्प झाला.

पोराचा जीव आधीच गेला होता. आता नावही गेलं.