देताना तिसरं माणूस नको

फोन आला तेव्हा तातेराव पाट्यावर भुईआवळी वाटत होता. रात्रीच प्रितमने आईला जालन्याच्या दवाखान्यात नेलं होतं. सकाळचं औषध घेऊन तातेराव मागून निघणार होता.

"बाबा, आई गेली," प्रितम म्हणाला. "लिव्हर पार खराब झाल्तं. डॉक्टर म्हणले, लई उशीर केला."

तातेरावने वरवंटा तसाच पाट्यावर ठेवला.

त्याची बायको गिरिजाबाई काविळीचं औषध द्यायची. पार तीर्थपुरीपासून माणसं यायची. विहिरीच्या कडेची भुईआवळी तातेरावच उपटून आणायचा, वाटायचाही तोच. पण द्यायची ती. परसात, दुखणेकऱ्याला एकट्याला बसवून. देताना तिसरं माणूस नको, असा तिचा नेम होता. तातेराव तेवढ्यात रानात निघून जायचा.

यंदा कापसाची पहिली वेचणी चालू असताना तिचेच डोळे पिवळे झाले.

"जालन्याला दाखवून येऊ का?" तिने विचारलं.

तातेराव हसला. "सारा तालुका तुझ्या दारी येऊन राह्यला, अन् तू कुठं निघाली?"

तीही हसली. त्या दिवसापासून तो तिला ताकातून औषध देऊ लागला.

आता गावात कुजबुज होती. तिच्या औषधाने तिलाच गुण आला नाही, म्हणजे आजवरचं सगळं थोतांडच. तातेरावच्या ते जिव्हारी लागलं होतं. म्हणून पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी कुंभार पिंपळगावची प्रेमला लेकीला घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा तो लगेच उठला. पोरीच्या डोळ्यांत पांढरं उरलं नव्हतं. ही बरी झाली की गावाची तोंडं बंद होणार होती. त्याने पाला आणला, गंधासारखा बारीक वाटला, ताकात कालवला आणि वाटी पोरीपुढे धरली.

पोरीने वाटी घेतली नाही. बाही वर सारून तिने हात पुढे केला.

"काय गं?"

"हात पाहा ना, दाजी," प्रेमला म्हणाली. "कालच दवाखान्यात रक्त तपासायला दिलं, गोळ्याबी चालू हायेत. सुईची खूण पाह्यल्याबिगर अक्का थेंब देत न्हवती. माझ्या सासूला तर शिव्या घालून माघारी हाकललं व्हतं. म्हणली, आधी दवाखाना, मंग माझा पाला."

तातेरावने पुढे धरलेली वाटी मागे घेतली.

"घरच्याच माणसाला ठावं न्हाई व्हय?" प्रेमलाने विचारलं.

कोपराच्या आतल्या बाजूला बारीक निळा डाग होता. तातेरावने तो पाहिला. मग वाटी पोरीच्या हातात दिली.

गिरिजाबाईला त्याने महिनाभर रोज वाटी दिली होती. तिचा हात त्याने एकदाही पाहिला नव्हता.