कीऑनचं अजून एक वर्ष

“थांबव. इथेच थांबव,” कोच वेड म्हणाला.

कीऑननं रिमोट दाबला. पडद्यावर अमेरिकन फुटबॉलच्या मॅचमधला तोच होता. दोन्ही पाय हवेत, आणि बॉल भलतीकडेच चाललेला.

“काय बघत होतास तेव्हा?”

“समोरच्या क्वार्टरबॅकचा हात. बॉल कुठे फेकतोय ते.”

“आणि त्यानं हात दाखवून तुला गंडवलं. पुन्हा!”

“पण मागे फिरून बॉलवाल्याला पकडला ना, कोच!”

पकडला होता, खरंच. अख्खं मैदान आडवं कापून. बावीस वर्षं वेड बचावफळीतले लाइनबॅकर तयार करत होता, पण असं धावणारं पोरगं त्यानं बघितलं नव्हतं.

“तुझे पाय ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतले आहेत,” तो म्हणाला. “डोळे चौथ्या.”

कीऑन हसला, पण ते हसू टिकलं नाही. पाच वाजता मुदत संपत होती. ड्राफ्टला, म्हणजे व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीला नाव द्यायचं, की कॉलेजकडून शेवटचं वर्ष खेळायचं? एकदा नाव दिलं की कॉलेजचं मैदान कायमचं बंद. फॉर्म टेबलावर होता, सही सोडून सगळा भरलेला.

“आई काय म्हणते?”

“म्हणते, कोच सांगतील तसं कर. माझी काळजी करू नकोस.” कीऑननं मान खाली घातली. “कारखान्यात कोंबड्या कापून कापून बोटं वाकडी झालीत तिची. चमचा धरता येत नाही धड.”

वेडनं रिमोट घेऊन पडदा बंद केला.

“कोच, आपल्या टीममधला राशाद पण ड्राफ्ट सोडून राहिला होता ना मागच्या वर्षी? दुसऱ्याच मॅचला गुडघा गेला. आता टायरच्या दुकानात असतो.”

“माहितीये.” राशादला थांब म्हणून वेडनंच सांगितलं होतं. ऑपरेशननंतर त्याच्या उशाशी बसलेलाही वेडच.

“खरं सांगा कोच. आज गेलो तर?”

“तिसरी फेरी. तीही नशीब जोरावर असेल तर. तिथले बेरकी क्वार्टरबॅक दर रविवारी तुझा मामा बनवतील, आणि दोन वर्षांत तू घरी. त्यापेक्षा वर्षभर रोज सकाळी सहाला या खोलीत बसलास, तर डोळे तयार होतील. मग तुला पहिल्या फेरीत उचलतात, चांगल्या मोठ्या पैशात.”

“रोज सहाला? मग झोपू कधी?”

“वर्गात झोपतोसच की!”

कीऑन खो खो हसला. मग त्यानं फॉर्म हातात घेतला. “पण शिकवणार तुम्हीच ना? मला दुसऱ्या कुणाचं डोक्यात शिरत नाही.”

“तुझ्यासारख्या ठोंब्याला दुसरं कोण शिकवणार?”

झालं. कीऑननं फॉर्म टराटरा फाडला आणि वेडला अशी मिठी मारली की त्याच्या बरगड्या कळवळल्या. जिना उतरता उतरताच त्यानं आईला फोन लावला. “अगं, राहतोय मी! हो, हो, कोचच म्हणाले!”

तो आवाज विरेपर्यंत वेड जागचा हलला नाही. पळत खाली जावं, पोराला परत बोलवावं, असं फार वाटलं त्याला. पाचला अजून चाळीस मिनिटं होती, दुसरा फॉर्म सहज निघाला असता. पण पाय वळले ते उलटीकडे, मुख्य कोच बर्डेटच्या ऑफिसकडे.

“राहतोय तो,” वेड दारातूनच म्हणाला.

“शाब्बास! तू त्याला थांबवलंस, आता माझा शब्द मी पाळतो.” बर्डेटनं खणातून एक कागद काढला आणि त्यावर सही ठोकली. “घे, केलं तुला करारातून मोकळं. टेक्सासच्या टीमला कळव, सोमवारी त्यांच्याकडे रुजू होतोयस म्हणून.”