स्वर्गातील आई

कबरीपाशी पाळकांनी "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणायला सुरुवात केली, तशी मुठीत माती घेऊन उभ्या असलेल्या रूथला संडे स्कूल आठवलं. घरी दारुड्या बापाचा मार खाऊन आलेली ती पोर दर रविवारी चटईवर बसून त्या 'पित्या'पाशी मुकी व्हायची.

शिकवणाऱ्या भिंगारदिवेबाईंनी ते हेरलं. "पित्या म्हणवत नाही ना गं? मग आई म्हण. देव जितका बाप, तितकीच आई. फक्त तुझ्यामाझ्यात ठेव."

चाळीस वर्षं तिने ते गुपित जपलं. आज बाईंच्याच कबरीपाशी ती हळूच म्हणाली, "स्वर्गातील आई..."

तेवढ्यात डावीकडून आणि मागून, दोन अनोळखी बायकांच्या तोंडून, तितक्याच हळू आवाजात 'आई' ऐकू आलं.

"लबाडच होतात हं, बाई!" पेटीवर माती टाकत रूथ पुटपुटली.