चढावरचा दुसरा गिअर

त्र्याण्णव सालची गोष्ट. वडिलांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी मुंबईला न्यायचं, म्हणून शैलजा आयुष्यातली पहिली गाडी शोधत होती. वाटेत बंद पडणारी तिला चालणार नव्हती. पनवेलमधल्या तीन जुन्या गाड्या तिने नाकारल्या. मालक ‘एकदम नवी’ म्हणत, पण पोचे पुट्टीने बुजवलेल्या पत्र्यावर तिचं चुंबक चिकटत नसे. चौथी गाडी निवृत्त बँक मॅनेजर दामल्यांची. तिने चुंबक काढताच ते म्हणाले, “डाव्या दाराला चिकटायचं नाही. मीच खांबावर घातली होती.” “आणखी काय खराब आहे?” “चढावर दुसरा गिअर अडतो. बाकी इंजिनाने कधी दगा दिला नाही.” “चला, रेल्वेपुलावर नेऊन बघू.” चढाच्या मध्यावर गिअर खरोखरच अडला. मागचा ट्रकवाला भोंगा वाजवू लागला. शैलजाने पहिला टाकून गाडी वर चढवली. “काका,” ती म्हणाली, “कागद तयार करा.”