आधी सिस्टरच्या मनगटावर

जखमेतले जंतू औषधांना जुमानेनासे झाल्यापासून दवाखान्यात जखमेवर विजेची पट्टी लावत. पेशंट शॉकला घाबरत, म्हणून मालन सिस्टर ती आधी स्वतःच्या मनगटावर लावून दाखवत. रोज चाळीस वेळा, गेली नऊ वर्षं.

आज गेनूभाऊंच्या पायावरच्या जखमेची पाळी आली, तर मनगटाला झिणझिण्या जाणवेचनात. सिस्टरनी बटण फिरवून करंट वाढवला, तरी नाही.

"मेलं हेही बिघडलं! सकाळपासून हे तिसरं यंत्र," त्या दमून म्हणाल्या.

गेनूभाऊंनी पट्टीला बोट लावलं आणि "आई गं!" करत मागे घेतलं.

"यंत्र चांगलंय, सिस्टर," ते हळूच म्हणाले. "माझ्या पायाचंही असंच झालं होतं. आधी काही कळेनासं झालं, मग ही जखम."

बाहेर अजून तीसेक जण ताटकळले होते. सिस्टरनी पट्टी उचलली आणि दुसऱ्या मनगटावर लावली.